६६ बाय ६६ चे गुंठे किती?

पत्र: नमस्कार. मी धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. गेल्या वर्षापासून धड्यांचे व्हिडिओ करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. फळ्यासमोर उभी राहून पूर्ण धडा समजावते, त्यात १२-१४ मिनिटं जातात. मुलं ‘बघितला’ म्हणतात, पण विचारलं तर सुरुवातीच्या दोन मिनिटांपुढचं काही सांगता येत नाही. पालक म्हणतात आवाज घुमतो, पंख्याची घरघर येते आणि नेट संपतं. आता दीड-दोन मिनिटांचे छोटे व्हिडिओ करावेत असं मनात आहे. धड्यांचे आणि थोडे रोजच्या कामाचेही, जसं की प्लगला वायर जोडणं. आमचे एक सर म्हणतात, चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय काही खरं नाही, ५० हजार तरी लागतील. माझा फोन १५ हजारांचा. घरी सगळी मुलं अहिराणी बोलतात, मग व्हिडिओ कोणत्या भाषेत करू? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, कॅमेऱ्याचा विषय आधी निकालात काढू. घेऊ नका. तुमचा फोन १०८० पीमध्ये, म्हणजे फुल एचडीत रेकॉर्ड करतो, तेवढं पुरे. बघणारा तो व्हिडिओ सहा इंचाच्या पडद्यावर, ओट्यावर बसून, निम्म्या वेळा उजेडात बघणार आहे. पैसे घालायचेच असतील तर हजार रुपयांच्या आत कॉलरला लावायचा वायरवाला माइक मिळतो, तो घ्या. दुकानात जाण्याआधी फोनला ३.५ मिलिमीटरचं गोल भोक आहे की फक्त टाइप-सी, ते बघून जा. नाहीतर माइक घरी येतो आणि लावायला जागाच नसते.

अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही धडा सांगताय, आणि छोट्या व्हिडिओत धडा मावत नाही. १२ मिनिटांच्या व्हिडिओचे आठ तुकडे केले तर आठ अर्धवट व्हिडिओ होतात, एकही छोटा व्हिडिओ होत नाही. दीड मिनिटात एकच गोष्ट नीट बसते: एक चूक. मुलांच्या डोक्यात नेमकं काय उलटं बसलंय, किंवा काम करताना हात नेमका कुठे घसरतो, ते हेरायचं आणि कॅमेरा तिथेच रोखायचा. व्याख्या, उपयोग, स्वाध्याय हे सगळं वर्गासाठी ठेवा.

लांबीबद्दल एक आकडा सांगण्याजोगा आहे. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली गेली, तेव्हा असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. ते विद्यार्थी मोठे होते आणि आपणहून नाव नोंदवून आलेले होते. तुमची मुलं बारा-तेरा वर्षांची, फोन बापाचा, आणि मध्येच कोणाचा तरी कॉल येणार. दीड मिनिटाचा तुमचा अंदाज बरोबर आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएच.डी. केली. सरळ, स्वच्छ, बिनचूक समजावलेला व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, ‘सोपा वाटला’ म्हणाले. पण चाचणी घेतली तर आधीच्या चुकीच्या कल्पना जागच्या जागी. दुसऱ्या व्हिडिओत ती चुकीची कल्पना आधी मोठ्याने मांडली आणि मग मोडून दाखवली. तो बघताना डोक्याला ताण पडला, पण शिकणं त्यातूनच जास्त झालं. ‘मॅडम, व्हिडिओ छान होता’ या शाबासकीवर म्हणूनच फार विसंबू नका. मूल थबकलं का, ‘आं, असं कसं?’ म्हणालं का, ते बघा.

आता एक व्हिडिओ पूर्ण मांडून दाखवतो. गणिताचा घेऊ, क्षेत्रफळाचा.

तुमच्या मुलांना गुंठा शिकवावा लागत नाही, घरात रोज कानावर पडतो. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. आता विचारा, ६६ बाय ६६ फुटांचं वावर किती गुंठ्यांचं? सहावी-सातवीत बहुतेक हात ‘दोन’ला वर होतात. दोन्ही बाजू दुप्पट, मग जमीनही दुप्पट, असा हिशेब. उत्तर चार. ही चूक मोठी माणसंही करतात, प्लॉटच्या व्यवहारात तर सर्रास. व्हिडिओला याहून चांगला विषय नाही.

मैदानावर ६६ फुटांचा चौरस आखायला मोजपट्टी, सुतळी, चार खुंट्या आणि चुन्याची फक्की लागते. काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने धरू नका, तिथेच फसगत होते. कोपऱ्यापासून एका बाजूवर ६ फुटांवर खूण करा, दुसऱ्या बाजूवर ८ फुटांवर; दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १० फूट भरलं की कोन काटकोन. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ६६ च्या चौरसाचा कर्ण ९३ फूट ४ इंच भरायला हवा. एक कर्ण मोठा आणि एक छोटा आला तर तुमचा चौरस कलला आहे, आणि वरून काढलेल्या व्हिडिओत ते लगेच कळतं.

कॅमेरा शाळेच्या स्लॅबवर, कठडा असेल तरच, आणि मुलांना वर न नेता. स्लॅबवर जाता येत नसेल तर आलेख-कागदावर करा. तिथे एक चौकोन ३ फुटांचा धरला तर ३३ फुटांचे ११ चौकोन होतात. फोन आडवा धरा. शॉट पाचच. पहिला: फक्कीने आखलेला ३३ चा चौरस, चार कोपऱ्यांवर चार मुलं, आवाजात ‘हा एक गुंठा’. दुसरा: ६६ चा मोठा चौरस रिकामा, आणि प्रश्न. इथे चार सेकंद पूर्ण गप्प राहा. हात शिवशिवतात, काहीतरी बोलावंसं वाटतं. बोलू नका, बघणाऱ्याचं उत्तर त्या चार सेकंदांत ठरतं. तिसरा: तुमचा आवाज, ‘बऱ्याच जणांच्या मनात दोन आलं असेल. बाजू दुप्पट, म्हणून जमीन दुप्पट.’ चौथा: एक मूल मधोमध फक्कीची आडवी रेघ ओढतं, दुसरं उभी. हा शॉट वेग वाढवून दाखवा, पण कापू नका. रेघ पडताना दिसली पाहिजे. चार गुंठे आपोआप डोळ्यांसमोर येतात. पाचवा: पडद्यावर फक्त ‘२ × २ = ४’, आणि जाता जाता ९९ बाय ९९ चा प्रश्न. त्याचं उत्तर, म्हणजे नऊ, व्हिडिओत देऊ नका. ते दुसऱ्या दिवशी वर्गात येऊ दे.

चुकीचं उत्तर कॅमेऱ्यासमोर मुलाच्या तोंडून वदवून घेऊ नका. ग्रुपवर गेलेला व्हिडिओ परत येत नाही आणि त्या पोराला गावभर ‘दोन गुंठे’ म्हणून चिडवतील. चूक तुमच्या आवाजात मांडा. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या; नुसते हात आणि पाय दाखवता आले तर उत्तमच.

याच माळेतला पुढचा व्हिडिओ कापसाचा. ४ बाय २ फुटांवर लावण केली तर एकरी ५,४४५ झाडं. दोन्ही अंतरं निम्मी करून २ बाय १ केलं तर किती? दुप्पट नव्हे, २१,७८०. घरच्या कापसातलं गणित असल्यामुळे हा बापही बघेल.

विज्ञानाचा एक. चूक अशी: ‘पंखा हवा थंड करतो.’ सामान तीन काचेचे थर्मामीटर, प्रयोगशाळेतले, लाल द्रवाचे. आधी तिन्ही एका पेल्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून सारखं दाखवतात का ते बघा. अर्ध्या-एक अंशाचा फरक नेहमीचा. किती आहे ते लिहून ठेवा, नाहीतर प्रयोगात तोच फरक शोध म्हणून मिरवला जातो. मग तिन्ही सावलीत उभे लावा. पहिला नुसता, वाऱ्यापासून दूर. दुसरा कोरडा, पंख्यासमोर. तिसऱ्याच्या फुग्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती ओली करा आणि तोही पंख्यासमोर. पाणी बादलीत तासभर ठेवलेलं, हवेइतकंच गरम हवं. माठातलं घेतलं तर प्रयोग खोटा पडतो, आणि आठवीतलं एखादं चुणचुणीत पोर ते लगेच पकडतं.

दहा मिनिटांनी पंख्यासमोरचा कोरडा थर्मामीटर पहिल्याइतकाच असतो. पंख्याने हवा एका अंशानेही उतरलेली नसते. ओला मात्र आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी १०-१५ अंशांनी सहज खाली जातो. वाळणारं पाणी उष्णता घेऊन जातं: १०० अंशांना उकळताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी हा पुस्तकातला आकडा, आणि नेहमीच्या तापमानाला नुसतं वाळताना त्याहून थोडी जास्तच. अंगाचंही तसंच. बाहेर ४२ अंश असताना पंख्याखाली बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून. हा आकड्याचा भाग व्हिडिओत घालू नका, तुमच्यासाठी सांगितला. व्हिडिओत तीन थर्मामीटर शेजारी-शेजारी आणि द्रवाच्या टोकावर कॅमेरा, एवढंच. द्रवाची रेघ फोनमध्ये नीट येत नाही ही खरी कटकट. मागे पांढरा जाड कागद लावा आणि उजेड बाजूने घ्या, समोरून घेतला तर काच चमकते.

याच मांडणीतून आणखी व्हिडिओ निघतात. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करायच्या ही घरोघरीची चूक, एसी बघून आलेली. बंद खोलीत अर्ध्या तासात हवा दमट होते आणि ओल्या-कोरड्या थर्मामीटरमधला फरक घसरत जातो. समोरची खिडकी उघडली की परत वाढतो. जुलैत पाऊस लागल्यावर तोच प्रयोग करून मे महिन्याच्या शॉटशेजारी ठेवा. जुना माठ नव्यासारखं पाणी गार का करत नाही, हाही यातलाच विषय: बोअरच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात, पाणी पाझरत नाही, वाळत नाही. बाहेरून नारळाच्या काथ्याने घासलेला माठ आणि न घासलेला माठ, दोन्हींचा ओलावा जवळून दाखवला की पुरे.

रोजच्या कामाचे व्हिडिओ वरवर सोपे वाटतात, पण जोखीम तिथेच जास्त. प्लगचाच घ्या. सेल्फी कॅमेऱ्याने कधीही काढू नका. बरेच फोन पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं साठवतात, म्हणजे उजवं डावीकडे जातं, आणि बघणारा फेजची वायर न्यूट्रलच्या जागी लावून मोकळा होतो. मागचाच कॅमेरा वापरा, आणि रेकॉर्ड झाल्यावर प्लगवर कोरलेली अक्षरं सरळ वाचता येतात का ते तपासा. ‘उजवीकडची’, ‘डावीकडची’ हे शब्द तर बोलूच नका. प्लग कोणत्या बाजूने धरलाय त्यावर ते बदलतं. ‘एल लिहिलंय तिथे फेज, एन लिहिलंय तिथे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थ’ असं बोट ठेवून सांगा. नव्या केबलमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. जुन्यात लाल, काळी, हिरवी. दोन्ही दाखवा, कारण घरात दोन्ही असतात.

हात चुकतो तो तीन ठिकाणी, आणि तिन्ही जवळून दाखवायला हवेत. एक, वायर सोलताना आतल्या तांब्याच्या तारा तुटतात. उरलेल्या चार तारांवर कूलर चालतो आणि प्लग गरम होऊन वितळतो. दोन, तारा पिळ न घालता स्क्रूखाली कोंबतात, एखादी बाहेर राहते आणि शेजारच्या पिनेला टेकते. तीन, प्लगमधली केबल धरून ठेवणारी पट्टी आवळत नाहीत, म्हणून ओढ सगळी तारांवर येते. अर्थची वायर इतर दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवायची. केबल ओढली गेलीच तर ती सगळ्यात शेवटी निघावी. अर्थची पिन लांब असते तीही याचसाठी, आत जाताना पहिली टेकते आणि निघताना शेवटी सुटते. आपल्याकडे पत्र्याचे कूलर आणि पाण्याचे ओले हात एकत्र येतात, अर्थ कापून टाकलेले दोन पिनांचे प्लग सर्रास दिसतात, म्हणून हा व्हिडिओ एप्रिलच्या आधी जायला हवा. प्लग सुटा घ्या, सॉकेटजवळ शूटिंग करू नका, आणि पहिल्या शॉटमध्येच लिहा: हे काम मोठ्या माणसाने करायचं.

मापांच्या बाबतीतही तेच. उलटी-जुलाबात घरी द्यायचं साखर-मीठ-पाणी: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चूक ‘सपाट’ या शब्दात होते. चमचा शिगोशीग भरला की मीठ दुप्पट जातं आणि लहान बाळाला ते बाधतं. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करतानाचा पाच सेकंदांचा शॉट हाच या व्हिडिओचा जीव. तांब्या, ग्लास, पेला ही मापं धरू नका, प्रत्येक घरी वेगळी असतात; पाण्याची लिटरची बाटली सगळीकडे सारखी.

आवाजाकडे येऊ, कारण पालकांची पहिली तक्रार तीच आहे आणि ती रास्त आहे. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस बघतो, आवाज घुमला की बंद करतो. रिकामा वर्ग, फरशी, वर पत्रे, ही आवाजासाठी सगळ्यात वाईट जागा. फोन आठ फुटांवर ठेवून बोलता तेव्हा तुमचा थेट आवाज क्षीण होतो आणि भिंतींवरून आलेला तेवढाच राहतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाजाची तीव्रता चौपट होते. माइक हनुवटीखाली एक वीतभर आला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला ठेवा. फ, भ, ख, ठ या अक्षरांचा फुत्कार सरळ माइकवर आपटला की फट्‌ असा आवाज येतो. ओढणीच्या किंवा पदराच्या घासण्याचा खरखराटही ऐकून बघा, तो चालू असताना जाणवत नाही.

उरलेला निम्मा प्रश्न सोडवायला चित्र आणि आवाज वेगळे करा. चित्र दिवसा काढा, मागे कोंबडा आरवू दे, ट्रॅक्टर जाऊ दे. आवाज रात्री किंवा पहाटे, घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, गाद्या-गोधड्यांच्या ढिगाजवळ बसून फोनच्या रेकॉर्डरवर घ्या. पंखा, कूलर, फ्रीज बंद. फ्रीज परत चालू करायचं विसरतं, म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात रेकॉर्डिंगवाले. युक्ती जुनी आहे पण लागू पडते. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा. ती शांतता जोडकामात शॉटच्या मधल्या फटींत भरायला लागते. नाहीतर वाक्य संपलं की आवाज एकदम कापल्यासारखा होतो.

बोलायचा मजकूर लिहून काढा. समजावण्याच्या वेगाने मिनिटाला १०० ते १२५ शब्द होतात, म्हणजे दीड मिनिटाला दीडशे ते फार तर १९०. त्यातली जागा प्रयोग बघण्यासाठी सोडायची, तर १३० शब्दांवर थांबा. वहीच्या पानभर. ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत’ हे दहा सेकंद खातं, आणि ज्या दहा सेकंदांत मूल बघायचं की पुढे सरकायचं ते ठरवतं नेमके तेच. पहिलं वाक्य प्रश्नच असू दे.

चित्रासाठी चार गोष्टी. लेन्स पुसा, साध्या सुती रुमालाने. बहुतेक ‘खराब कॅमेरे’ तेवढ्याने सुधारतात. ज्या वस्तूवर लक्ष हवंय तिच्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, म्हणजे मध्येच हात आला की चित्र एकदम गडद किंवा फिकं होत नाही. ट्यूबच्या किंवा स्वस्त एलइडीच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि कॅमेऱ्याच्या वेगाशी त्याचा मेळ बसत नाही. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नसेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, ते केव्हाही बरं. आणि विमान मोड चालू करा.

हातांचा व्हिडिओ वरून काढायला स्टँड नको. दोन बाकांवर फळी टाका, फोन फळीच्या कडेबाहेर लेन्सपुरता काढा, त्यावर पुस्तकांचं वजन. फोन खाली आणण्यापेक्षा दुप्पट झूम करा, म्हणजे फोनची सावली पडत नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे हवी. खाली खाकी कागद अंथरा. स्टीलचं ताट, सनमायका, काच यांवर उजेड चमकतो. कागदावर लिहायचं तर मार्करने, अक्षरं दोन सेंटिमीटर उंच, आणि ए-४ कागदावर १५ शब्दांपेक्षा जास्त नाहीत. तुम्ही जे बोलताय तेच पूर्ण वाक्य पडद्यावर लिहू नका. मूल वाचायला लागलं की ऐकत नाही आणि बघतही नाही. आकडे आणि वस्तूंची नावं तेवढी लिहा. पुण्याच्या अरविंद गुप्तांचे टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा. बहुतेकांत नुसते हात आणि वस्तू आहेत, तरी खेळणं कसं झालं ते कळतं. तुमच्या व्हिडिओची परीक्षाही तीच ठेवा: आवाज बंद करून दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाला दाखवा आणि काय दिसलं ते विचारा.

ऊन मात्र आपल्याकडचं आहे. एप्रिल-मेमध्ये मैदानावरचा फोन दहा-पंधरा मिनिटांत तापतो, कॅमेरा आपोआप बंद पडतो. सकाळी नऊच्या आत उरका, कव्हर काढून ठेवा, मध्ये मध्ये सावलीत न्या. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, तो टाळा. आत दव धरतं.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही. प्रश्न अहिराणीत विचारा, ‘पंखा हवा थंड करस का?’, ‘६६ बाय ६६ ना गुंठा कितला?’. हे तुम्ही आमच्याहून चांगलं बोलाल. चूक जिथे घरच्या बोलीत बसलीय तिथे ती घरच्या बोलीतच उपटावी लागते. बाष्पीभवन, क्षेत्रफळ, अप्रकट उष्मा हे शब्द मात्र पुस्तकातलेच ठेवा, आणि गोष्ट दाखवून झाल्यावर एकदाच उच्चारा. आधी शब्द आणि मग वस्तू असं केलं की मूल शब्द पाठ करतं.

कापाकापीत जास्त वेळ घालवू नका. फोनवरचं कुठलंही फुकट ॲप चालेल. शॉट पाच ते दहा सेकंदांचे, मागे संगीत नको, शॉटमध्ये उलटसुलट फिरणाऱ्या करामती नकोत.

राहिलं नेट. १०८० पीमध्ये मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी जागा जाते. तुमचे १२ मिनिटांचे व्हिडिओ मूळ फाइल म्हणून दीड जीबीचे असणार, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपने दाबून दाबून फळ्यावरची अक्षरं घालवली. आता जोडकाम झाल्यावर ७२० पीमध्ये फाइल काढा, ती बरीच लहान पडेल. ग्रुपवर गॅलरीतून न टाकता ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, म्हणजे आणखी दाबली जात नाही. शाळेच्या टीव्हीवरही दाखवायचे असतील तर आडवे काढा. फक्त फोनवर जाणार असतील तर हाताच्या कामाचे उभे चालतील. फाइलला नाव प्रश्नाचंच द्या, ‘६६ बाय ६६ चे गुंठे किती’, इयत्ता आणि महिना जोडून. ‘व्हिडिओ ७ फायनल नवा’ या नावाची फाइल पुढच्या जूनमध्ये तुम्हालाच सापडणार नाही.